हवेत इंजिन बंद पडलं? सुई थोडा वेळ राहू द्या

‘मोठ्या पेट्रोल मॉडेल विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं, म्हणजे कार्बोरेटरची सुई (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) चुकली’ हा समज पुण्यात जुनाच. मुंबईत लावलेली सुई इथल्या साधारण ५६० मीटर उंचीवर किंचित रिच (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त) होते खरी. पण तेवढ्यानं नीट चालणारं इंजिन सहसा थांबत नाही.

ते कसं थांबलं, आठवा. बटण दाबल्यासारखं एकदम? मग इग्निशनची बॅटरी, स्विच, सेन्सरची वायर तपासा. धापा टाकत? मग बहुधा इंधन. लगेच स्पार्क प्लग काढा; कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. टाकीतली नळी कडक झाली, की टोकाचं वजन इंधनामागे सरकत नाही आणि नाक खाली करताच हवा ओढली जाते. बाहेरच्या पारदर्शक नळीत बुडबुडे दिसतात. (माझ्याकडे दोनदा हेच निघालं.) सुई शेवटी.