ग्राउंड लूप

जमिनीवर धावणारे विमान ताब्यातून सुटून एका बाजूला गरकन फिरते, त्याला ग्राउंड लूप म्हणतात. शेपटाखाली छोटे चाक किंवा नुसती घसरपट्टी असलेल्या जुन्या प्रशिक्षण विमानांत, विशेषतः आडव्या वाऱ्यात उतरताना, हे घडते. भारतात वापरलेली अशी विमाने म्हणजे टायगर मॉथ (पहिले उड्डाण 1931), डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-2 (1951) आणि फ्लाइंग क्लबांचे पुष्पक (1958).

मूळ कारण रचनेत आहे. मुख्य चाके पुढे आणि गुरुत्वमध्य त्यांच्या मागे. बेळगाव-चिकोडी पट्ट्यात उसाची ट्रॉली रिव्हर्स घेणाऱ्याला हे लगेच कळेल: ओढताना ट्रॉली आपोआप सरळ येते, मागे ढकलताना जराशी वाकली की वाकतच जाते. विमान तिरके टेकले की मागचे वजन चाकांना ओलांडून पुढे जाऊ पाहते. त्यात वारा शेपटीच्या उभ्या पृष्ठभागाला ढकलतो आणि नाक वातकुक्कुटासारखे वाऱ्याकडे वळते. वारा डावीकडून असेल तर विमान डावीकडे फिरते, उजवीकडे कलते, उजव्या पंखाचे टोक जमिनीला घासते आणि उजव्या चाकाचा पाय आतल्या बाजूला मुडपतो.

बेळगावच्या सांबरा विमानतळाची धावपट्टी 08/26 (दिशेचे अंश दहाने भागून, म्हणजे 80 आणि 260 अंश), म्हणजे साधारण पूर्व-पश्चिम. पावसाळी वारा बहुतेक पश्चिम-नैर्ऋत्येचा असल्याने 26 सोयीची पडते, तरी 220 अंशांवरून 16 नॉट (ताशी सुमारे 30 किमी) वारा असेल तर आडवा घटक सुमारे 10 नॉट होतो. हलक्या जुन्या विमानाला तो पुरेसा जड आहे. एप्रिल-मेमध्ये धोका वेगळा: वळवाचा ढग अजून लांब असतानाच वारा दिशा बदलतो, म्हणून शेवटच्या वळणावर विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) पुन्हा पाहावाच. शिवाय हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच आहे. वेगमापक तोच आकडा दाखवत असला तरी खरा वेग साधारण 4 टक्के जास्त असतो, कडक उन्हात त्याहूनही अधिक.

टायगर मॉथला मुळात ब्रेक नव्हते. गवताळ मैदानावर थेट वाऱ्याच्या तोंडावर उतरायचे आणि घसरपट्टी मातीत रुतून विमान सरळ ठेवायची. डांबरावर ती नुसती सरकते.

उतरताना वाऱ्याकडचा पंख किंचित खाली आणि विरुद्ध रडर (शेपटीवरचे उभे सुकाणू) देऊन नाक पट्टीच्या रेषेत ठेवावे. आधी वाऱ्याकडचे चाक टेकले तर चालते, तिरके टेकणे चालत नाही. तिन्ही चाके टेकताच स्टिक (नियंत्रणाचा दांडा) पूर्ण मागे ओढावी आणि वाऱ्याच्या बाजूला न्यावी. वेग कमी होईल तसे एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) वाढवत जावे. त्यामुळे वाऱ्याकडचा पंख उचलला जात नाही, आणि वारा ज्या बाजूला जातो तिकडचा खाली गेलेला एलेरॉन तिथे ओढ वाढवून नाकाला वाऱ्यापासून दूर ठेवतो. पायांनी रडरला छोटे, चटकन टोले द्यावेत. एकच पेडल दाबून धरले की विमान उलट दिशेला झुलते.

बहुतेक ग्राउंड लूप टेकताना होत नाहीत. वेग उतरून रडरवरची हवा मंदावते, नेमके तेव्हाच वैमानिकाचे पाय सैल पडतात. पुढचे चाक असलेल्या विमानावर शिकलेल्यांची हीच सवय सर्वात घातक ठरते. झोल सुरू होताच, पट्टी शिल्लक असेल तर पूर्ण रडरसोबत थ्रॉटलचा (इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या दांड्याचा) झटका द्यावा; पंख्याची (प्रोपेलरची) हवा रडरला जोर देते. टेकण्याआधीच नाक रेषेत राहत नसेल तर पुन्हा उड्डाण घ्यावे. विमान बरेच फिरल्यावर उलट ब्रेक मारू नये, नाकावर उलटते. थ्रॉटल व मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे यंत्र) बंद करावेत.

नंतर विमान सरळ हँगरमध्ये न्यावे. पंखाचे टोक आणि एलेरॉनच्या बिजागऱ्या, चाकाच्या पायांचे बोल्ट, शेपटीच्या चाकाची स्प्रिंग, टायगर मॉथमध्ये पंखांमधल्या तारांचा ताण तपासावा. कापडावरची छोटीशी सुरकुतीही आत लाकडी स्पार (पंखाचा मुख्य दांडा) तडकल्याची खूण असू शकते. पंखा जमिनीला लागला असेल तर इंजिन उघडून क्रँकशाफ्ट तपासल्याशिवाय उड्डाण करू नये.