तुरा निळा का पडतो?

जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडले. अशा वेळी विषबाधेपासून अपशकुनापर्यंत सगळे तर्क निघतात. भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेचं उत्तर मात्र साधं होतं : बर्ड फ्लू.

या रोगाची लक्षणं पाठ करण्यापेक्षा ती कुठून येतात हे समजून घेण्यात जास्त मजा आहे. विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. ते एका ठरावीक जागी कापलं गेल्याशिवाय विषाणूचा पेशीतला शिरकाव पूर्ण होत नाही. गंमत म्हणजे कात्री विषाणूची स्वतःची नसते, ती पक्ष्याच्या शरीरातली विकरं (एन्झाइम) पुरवतात. विषाणूच्या सौम्य वाणाला लागणारी कात्री मुख्यतः श्वासमार्ग आणि आतड्यात मिळते. म्हणून कोंबडी थोडी शिंकते, अंडी कमी घालते, इतकंच. पण या विषाणूच्या एच५ आणि एच७ प्रकारांत कधीकधी कापायच्या जागी आर्जिनिन, लायसिन ही अमिनो आम्लं ओळीने येऊन बसतात. ही जागा फ्युरिन नावाचं विकर कापतं आणि फ्युरिन जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. म्हणजे हृदय, मेंदू, मूत्रपिंड, सगळं खुलं!

कोंबडीत तर हा विषाणू रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तरच धरतो. वाहिन्या पाझरतात. मग डोकं, पापण्या सुजतात, रक्ताभिसरण ढासळून तुरा निळा-काळा पडतो, बिनपिसांच्या नडगीवर लालजांभळे ठिपके उमटतात. मेंदूपर्यंत पोचला की मान पिळवटते, पक्षी जागच्या जागी गोल फिरतो. अंडी मऊ कवचाची येतात. कधी यातलं काहीच दिसत नाही : संध्याकाळी दाणे टिपणारी कोंबडी सकाळी मेलेली सापडते.

मानमोडीतही, म्हणजे राणीखेत रोगातही, मान अशीच वळते. त्या विषाणूचं प्रथिन वेगळं, पण जहाल वाणांची फ्युरिनची युक्ती तीच! २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लूची देशातली पहिली साथ आली, तेव्हाही आधी मानमोडीचंच नाव घेतलं जात होतं. त्यामुळे नुसत्या फोटोवरून निदान सांगणाऱ्या व्हॉट्सॲपवैद्यांना माझा नमस्कार. हळदीचं पाणी पाजून फ्युरिन थांबत नाही. आणि नीट शिजलेल्या चिकनला घाबरण्याचंही कारण नाही, ७० अंश सेल्सिअसला विषाणू टिकत नाही.

रानपक्ष्यांचं गणित निराळं. बदकं अनेकदा ठणठणीत दिसतात आणि विष्ठेतून विषाणू पसरवत राहतात. आजारी पाणपक्षी पाण्यात एकाच जागी गिरक्या घेतो, डोकं थरथरतं, माणूस जवळ गेला तरी उडत नाही. असा पक्षी पकडून घरी आणू नये. कावळे, शिकारी पक्षी मेलेलं खाऊन लागण घेतात, म्हणून एकाच भागात बरेच कावळे मेले तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. पोट फाडून बघण्याचा उद्योग तर अजिबात नको. नमुने घशातून आणि गुदद्वारातून घेतात, ते काम पशुवैद्यकांवर सोडा.