विरजणाची पुडी आणि जिवाणूंची भिंत

विश्रामबागच्या आमच्या काउंटरवर दोन तक्रारी नेहमीच्या. एक, दही लागलंच नाही. दुसरी, दह्याला तार सुटली. पहिलीत आम्ही पुडी बदलून देतो, दुसरीत सहसा देत नाही. त्यामागचं कारण इथे लिहितो.

आमच्या पुडीत दोन प्रकारचे जिवाणू वाळवून भरलेले असतात. (‘जंतू’ म्हटलं की गिऱ्हाईक दचकतं, म्हणून जिवाणूच म्हणू.) स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस गोल, मण्यांच्या माळेसारखे, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस लांबट काड्यांसारखे. प्रत्येक बॅचच्या दह्याचा ठिपका आम्ही काचेवर वाळवतो, त्यावर जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं. धुतल्यावरही आपले जिवाणू जांभळे राहतात. नको ते जिवाणू मिसळले असतील तर त्यातल्या बऱ्याच जणांचा रंग उतरतो आणि शेवटच्या रंगाने ते गुलाबी दिसतात. हान्स क्रिस्तियान ग्राम या डॅनिश डॉक्टरांनी १८८४ साली ही रीत मांडली. आपल्या जिवाणूंची भिंत जाड, त्यामुळे रंग आत अडकून राहतो.

जाड म्हणजे किती? तर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण आतून दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट असतो आणि तो हीच भिंत पेलते. तिची वीण घरच्या बाजेसारखी समजा. दोन प्रकारच्या साखरा आलटून पालटून जोडलेले लांब दोर, आणि त्या दोरांना एकमेकांशी बांधणारे अमिनो आम्लांचे आखूड धागे. शास्त्रात याला पेप्टिडोग्लायकन म्हणतात. या विणीत टेकॉइक आम्लं, इतर शर्करा आणि प्रथिनंही गुंतलेली असतात. बल्गेरिकसच्या भिंतीवर तर दुधातलं केसिन तोडणारं एन्झाइमच बसलेलं असतं. त्याने पाडलेले तुकडे थर्मोफिलस खातो आणि बदल्यात बल्गेरिकसला फॉर्मिक आम्ल पुरवतो. म्हणून पुडीत जोडी असते.

आता पहिली तक्रार. एका पावसाळ्यात आमचंच चाचणीचं दूध रात्रभर जसंच्या तसं राहिलं. आम्ही विरजणाला दोष देऊन ट्रेभर पुड्या फेकल्या. नंतर दूध घालणाऱ्याने सांगितलं, गाईला दगडी (कासेची सूज) झाली होती, सडात औषधाची ट्यूब सोडली होती. पेनिसिलिनच्या जातीची औषधं बाजेचे आखूड धागे बांधूच देत नाहीत. वाढताना जिवाणू आपली जुनी वीण थोडी सोडवत असतो. नवी गाठ बसली नाही की आतल्या दाबाने तो फुटतो. थर्मोफिलस या औषधांना फार लवकर बळी पडतो, आणि दूध उकळून हे औषध पुरतं जात नाही. रतीबवाल्याला विचारा: जनावराला काही टोचलंय का, ट्यूब सोडलीय का? औषधावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत ते दूध दह्यालाच काय, प्यायलाही नको.

उकळत्या दुधात पुडी टाकलीत तर गोष्ट वेगळी. भिंत बऱ्यापैकी उभी राहते, आतला जीव मात्र जातो. दूध ४२-४३ अंशांवर येऊ द्या. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ बोट बुडवून दहा अंक मोजता आले पाहिजेत.

तारेचं म्हणाल तर काही वाण भिंतीबाहेर लांब साखळीच्या शर्करा सोडतात. त्या पाणी धरून ठेवतात, दही दाट आणि मऊ लागतं. लस्सीला ते झकास, पण चक्क्याला आम्ही सुचवणार नाही: फडक्यात बांधलं तरी पाणी लवकर गळत नाही. श्रीखंडासाठी आमची निळ्या पट्टीची पुडी घ्या, तिच्यात तार न सोडणारे वाण आहेत. तारेबरोबर कडवट चव किंवा कुबट वास असेल तर मात्र ते दही खाऊ नका.

पुडी फ्रीजरमध्ये ठेवा, फोडल्यावर त्याच दिवशी वापरा. आणि तक्रार घेऊन येताना वाटीभर दही बरोबर आणा, तुमच्यासमोर काचेवर बघून सांगतो.