गाळाखाली दडलेले प्रस्तरभंग

भूकंप फक्त भूपट्टांच्या कडांवरच होतात, हा समज शाळेतल्या नकाशामुळे पक्का होतो. अमेरिकेतील न्यू मॅड्रिड परिसर मात्र भूपट्टाच्या ऐन मध्यात आहे, आणि तरीही डिसेंबर १८११ ते फेब्रुवारी १८१२ या काळात तेथे तीन मोठे भूकंप झाले. शेवटच्या भूकंपात मिसिसिपी नदी काही काळ उलटी वाहिली.

याचे मूळ ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. तेव्हा येथे खंड दुभंगू लागला, पण ते दुभंगणे अर्धवट राहिले. त्या वेळचे प्रस्तरभंग, म्हणजे ज्या भेगांवरून खडक सरकतात त्या, पुढे गाळाखाली गाडले गेले. याच भागातील मेम्फिस शहराजवळ हा गाळ सुमारे एक किलोमीटर जाड आहे.

हे प्रस्तरभंग शोधण्यासाठी एक ट्रक पोटाखालची जड पोलादी तबकडी जमिनीवर दाबून काही सेकंद थरथरवतो. खाली गेलेल्या लहरींचा थोडा भाग प्रत्येक थराच्या सीमेवरून परततो आणि रांगेने रोवलेले जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर नोंदवणारी उपकरणे, तो टिपतात. या नोंदींतून जमिनीखालच्या थरांचे चित्र तयार होते. लहरीला जाऊन येण्यास एक सेकंद लागला आणि तिचा वेग सेकंदाला २,००० मीटर असला, तर तो थर १,००० मीटर खोल असतो. चित्रातील थराची रेघ जिथे तुटून वरखाली होते, तिथे प्रस्तरभंग.

खरी गंमत पुढे आहे. याच वेगाने जाणाऱ्या ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी ४० मीटर भरते, आणि तिच्या साधारण पाव भागाहून, म्हणजे १० मीटरहून, लहान पायरी चित्रात नीट उमटत नाही. एका मोठ्या भूकंपात खडक सरकतात ते काही मीटरच, त्यामुळे दिसते ती अनेक भूकंपांची बेरीज. समजा, खालचा जुना थर ६० मीटर तुटला आहे आणि वरचा नवा थर २० मीटर. तर उरलेले ४० मीटर नवा थर साचण्याआधीच सरकून झाले होते. विंधनविवरांतून थरांची वये कळली की प्रस्तरभंग कोणत्या काळात किती सक्रिय होता, याचा हिशेब मांडता येतो.

या हिशेबातून पुढच्या भूकंपाची तारीख निघत नाही. हवामानविषयक सल्लागार आयबेन ब्राउनिंग यांनी भरती-ओहोटीच्या बलांचा हवाला देऊन ३ डिसेंबर १९९० च्या आसपास येथे मोठा भूकंप होण्याचे भाकीत केले, तेव्हा शाळा बंद राहिल्या, वार्ताहर जमले, आणि भूकंप काही आला नाही.

या पद्धतीचीही एक अडचण आहे. सपाट थर आडवे सरकले, तर पायरी जवळजवळ पडतच नाही, आणि न्यू मॅड्रिडच्या काही प्रस्तरभंगांवर हालचाल मुख्यतः आडवीच होते. म्हणून तेथे चर खणून, भूकंपात जमिनीतून उसळलेल्या वाळूचे जुने थरही तपासले जातात. इसवी सन ९०० आणि १४५० च्या सुमाराचे भूकंप अशा वाळूवरूनच ओळखले गेले.