लाइव्ह रॉकचा गुंता : मराठवाड्यातल्या नवख्याच्या पहिल्या रीफ टाकीची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या माशांच्या दुकानात मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी (प्रवाळ ठेवलं तर रीफ टाकी) लावायची आहे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, दोन फुटी की तीन फुटी? दगड कोणता घालायचा ही चर्चा शेवटी होते. खरं तर ती आधी व्हायला हवी, कारण प्रवाळ घरात जगायला लागलं ते दगडामुळे.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि घराघरांत काचपेट्यांची हौस पसरली. पण प्रवाळ टिकवणं त्यानंतर शंभर वर्षं कुणाला फारसं जमलं नाही. १९६०च्या सुमारास इंडोनेशियातल्या एका हौशी माणसाने समुद्रातला खडक त्यावरच्या जीवजंतूंसकट टाकीत ठेवला, हवेचे बुडबुडे सोडले आणि प्रवाळ वाढवून दाखवलं. सत्तरच्या दशकात जर्मनांनी त्याला स्किमरची जोड दिली. पाण्यातली सेंद्रिय घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं हे यंत्र. यालाच बर्लिन पद्धत म्हणतात, आणि आजही बहुतेक टाक्या तिच्यावरच उभ्या आहेत.

त्या खडकाचं नाव लाइव्ह रॉक. नावाने घोटाळा होतो. खडक स्वतः जिवंत नसतो, तो बहुतेकदा मेलेल्या प्रवाळाचा चुनखडी सांगाडा असतो. जिवंत असतात त्याच्या छिद्रांतले जिवाणू. पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात; आत खोल, जिथे प्राणवायू कमी, तिथे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो.

भारतात नेमका इथेच पेच पडला. २००१ मध्ये रीफ बांधणारं सगळं कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आलं, म्हणजे वाघाच्या पंगतीत. या यादीतल्या प्राण्यांचे मृत अवशेष बाळगण्यावरही बंधनं आहेत. मग प्रवाळाच्या सांगाड्याचा खडक हा दगड की वन्यजीव? विकणारा म्हणतो दगड. कायद्याच्या नजरेने पाहिलं तर तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि नवख्याने या वादात पडूच नये असं माझं ठाम मत आहे. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी प्रवाळ खणून काढलं जात होतं, तेव्हा हा निर्णय गरजेचाच होता. हौशी लोकांची एक तक्रार मात्र रास्त आहे. समुद्रातून तोडलेला तुकडा आणि टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचा फ्रॅग (लावणीसाठी कापलेला छोटा तुकडा) यांत ही नोंद भेद करत नाही. (अंगठीतलं पोवळं वेगळं. ते भूमध्य समुद्रातलं, आणि ते रीफ बांधत नाही.)

त्यामुळे इथल्या नवख्याची रीफ टाकी कृत्रिम कोरड्या खडकावर सुरू होते. बाटलीतले जिवाणू घालायचे, चार ते सहा आठवडे सायकल (अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत स्थिरावणं) पूर्ण होऊ द्यायची, मग मश्रूम आणि झोअँथिड यांसारखे प्रवाळाचे मऊ प्रकार. माशांत पहिला क्लाउनफिश, कारण त्याची पैदास आता भारतातही होते. मे २०१७ मध्ये मत्स्यालयांसाठी आलेल्या नियमांत त्याच्यावरही बंदी होती. ते नियम पुढे मागे घेतले गेले, पण तोवर अनेकांनी मरीनचा नाद सोडला होता.

मराठवाड्यात यात पाणीटंचाईची भर पडते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. बोअरच्या जड पाण्यात समुद्री मीठ मिसळून चालत नाही, आरओ (पाण्यातले क्षार गाळून काढणारं यंत्र) लागतो, आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर वाया जातं. ते धुण्याभांड्यांना वापरायची सोय आधी करावी.

आकाराचा प्रश्न येतो तो यानंतर. मे महिन्यात चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडत नसेल तर टाकीवर पंखा लावतात. आपल्या कोरड्या हवेत तो छान काम करतो, पण पाणीही उडवतो. साठ लिटरच्या टाकीतून रोज दोन लिटर गेले आणि तीन दिवस टॉप-अप (उडालेल्या पाण्याची भरपाई) राहिला, तर क्षारता (हजार भाग पाण्यात मिठाचे भाग) ३५ वरून जवळजवळ ३९ वर जाते. दोनशे लिटरच्या टाकीतून रोज चार लिटर गेले तरी ती ३७ च्या आसपास राहते. लग्नसराईत दोन दिवस गावाला जाणाऱ्या घराने मोठीच टाकी घ्यावी, आणि टॉप-अपसाठी नुसतं आरओचं पाणी भरून ठेवावं, मीठ न घालता. उडतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं.