सुटं खाणं आणि अ‍ॅलर्जीची सूचना (सातारा-सांगली)

अन्नाची अ‍ॅलर्जी म्हणजे एखाद्या पदार्थातल्या प्रोटीनवर शरीराची प्रतिकारशक्ती उलटते, मग अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, दम लागतो आणि क्वचित बीपी एकदम खाली जाऊन माणूस दगावतो. आपल्याकडे याला सरसकट "पित्त उठलं" म्हणतात, आमसुलाचं पाणी लावतात, गांधी बसल्या की विषय संपला, आणि काय खाल्ल्यावर उठलं होतं ते कुणी लिहून ठेवत नाही. त्यामुळे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच खाल्लं जातं.

याबाबतचा कायदा आहे आणि तो चांगला आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006चा, त्याखाली एफएसएसएआय (देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) 2008 साली आली, आणि लेबलिंगच्या 2020च्या नियमांत पाकिटावर अ‍ॅलर्जीचे पदार्थ वेगळे लिहायचं बंधन आहे: गहू-बार्लीसारखी ग्लुटेनवाली (ग्लुटेन हे त्यातलं चिकट प्रोटीन) धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडा, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोला 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट (पदार्थ टिकवायला वापरतात ते गंधकाचं रसायन). लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असलं की चालतं, मराठी सक्तीची नाही. हॉटेलांच्या मेनूवर अ‍ॅलर्जीची माहिती द्यायची ती केंद्राचा परवाना (सेंट्रल लायसन्स) असलेल्यांनी किंवा 10 आणि त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांनी. म्हणजे हायवेवरचा ढाबा, एसटी स्टँडसमोरची मिसळ, कागदात बांधून मिळणारा भडंग, लग्नाची पंगत, जत्रेतलं जेवण, यातलं जवळजवळ काहीच या नियमात बसत नाही, आणि सातारा-सांगलीतला माणूस पाकिटातलं कमी आणि सुटं जास्त खातो.

त्यात आपल्या भागाचा जीव शेंगदाण्यात. म्हाद्या तर उघडउघड शेंगदाण्याचाच, शेंगांची चटणी दिसते, भडंगातले दाणे वेचून बाजूला तरी काढता येतात (अ‍ॅलर्जीवाल्यानं तेही करू नये, कारण दाण्याचं तेल आणि चुरा चुरमुऱ्याला लागलेला असतो), पण खरी अडचण कुटाची. काकडीची कोशिंबीर वरून बघितली तर नुसती काकडी आणि दही, कूट खाली बसलेलं. भरली वांगी, मेथीची भाजी, आमटी दाट करायला मूठभर, सगळीकडे कूट जातं आणि विचारलं तर करणारी बाई मनापासून सांगते की यात शेंगदाणे नाहीत, कारण तिच्या लेखी कूट म्हणजे शेंगदाणे नव्हेत, मिठासारखं ते असतंच. म्हणून पंगतीत वाढप्याला विचारून उपयोग नाही, आचाऱ्याला गाठायचं आणि "शेंगदाणे आहेत का" न विचारता "कूट घातलंय का" असं विचारायचं. तेलाचंही तसंच, रिफाइंड शेंगतेलात प्रोटीन जवळपास उरत नाही, घाण्याच्या तेलात उरू शकतं, आणि घाण्याचं तेल आरोग्याला चांगलं म्हणून सध्या पुन्हा घरोघरी आलंय.

गव्हाची गोष्ट गिरणीत कळते. सीलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नव्हे, ग्लुटेननं आतड्याला इजा होणारा वेगळा आजार आहे, पण पथ्य तितकंच कडक, ग्लुटेन-फ्री म्हणायला किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन लागतं. शाळूच्या भाकरीत मुळात ग्लुटेन नाही, पण गव्हाच्या दळणावर ज्वारी टाकली की पहिलं पीठ मिसळून येतं. आता बघा, हेच दळण "उपवासाचं आहे" म्हटलं तर गिरणीवाला चक्की झाडून घेतो, वेगळं दळतो, कुणी का म्हणून विचारत नाही, भगर आणि राजगिरा कशावर दळला हे बायका हक्कानं विचारतात. वेगळं ठेवणं, शिवाशिव न होऊ देणं आपल्याला चांगलं जमतं, फक्त आजारासाठी तसं मागायला अजून लोक लाजतात. (उपवासाचं म्हणून शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीवाल्यानं निर्धास्त राहू नये, साबुदाण्याची खिचडी निम्मी कुटाचीच.) आणि हिंग! बाजारातल्या बांधणी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, डबीमागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय फोडणी देऊ नये.

तासगाव-सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली जीआय (त्या भागाचा खास माल म्हणून मिळणारं सरकारी मानांकन) मिळालं. पिवळा रंग टिकावा म्हणून बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तिच्यातून सल्फाइट उरतं, आणि दमा असलेल्या काही जणांना त्यानं अ‍ॅटॅक येतो. पाकिटावर ते लिहावं लागतं, पण शिऱ्यात पडलेल्या बेदाण्यावर कोण लिहिणार. धुरी न दिलेला काळसर बेदाणा दम्याच्या माणसाला बरा, रंग बघून तो नाकारू नये.

पाकिटावर लिहायच्या पदार्थांच्या सरकारी यादीतही कमतरता आहे. तीळ आपल्या यादीत नाहीत, अमेरिकेनं 1 जानेवारी 2023 पासून तिळाचं लेबल सक्तीचं केलं. हरभरा, मसूर यांचीही अ‍ॅलर्जी असते आणि इस्लामपूर-कराड पट्ट्यात अख्खा मसूर ढाब्या-ढाब्यावर आहे, बेसन तर सगळीकडेच, तरी यादीत डाळी नाहीत. ही यादी आपल्या ताटाकडे बघून केलेली वाटत नाही, इथल्या खाण्याचा अभ्यास करून ती वाढवायलाच पाहिजे.

उलट बाजूही आहे. कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या युरोप्रिव्हॉल नावाच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत 26.5 टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध अँटीबॉडी दिसल्या, पण खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता फक्त 1.2 टक्क्यांत. म्हणजे नुसता रक्ताचा रिपोर्ट बघून पोराचं दूध, अंडी, गहू सगळं बंद करणं चूक, त्यानं कुपोषण होतं. 2015च्या लीप नावाच्या अभ्यासात तर धोका असलेल्या बाळांना लहानपणापासून शेंगदाणा दिल्यावर त्याची अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी झाली (बाळाला अख्खा दाणा नाही, घशात अडकतो, आणि एक्झिमा (त्वचेचा खाजरा आजार) असेल तर आधी डॉक्टर).

जोराची रिअ‍ॅक्शन आली तर औषध एकच, अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत इंजेक्शन. परदेशातलं तयार पेन (स्वतःच टोचून घ्यायचं इंजेक्शन) आपल्याकडच्या मेडिकलात सहज मिळत नाही, साधी अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) स्वस्त असते आणि आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. अ‍ॅलर्जीची गोळी खाज कमी करते, श्वास मोकळा करत नाही, म्हणून दम लागला किंवा आवाज बसला की आमसूल शोधत बसू नये, पेशंटला आडवं करून पाय वर ठेवावेत, आडवं पडून श्वास घेता येत नसेल तर बसवावं, आणि 108 ला फोन करताना "पित्त उठलंय" न म्हणता "खाण्याची अ‍ॅलर्जी, श्वास लागलाय" असंच सांगावं.