तारकासमुदाय-संश्लेषण

दूरच्या दीर्घिकेतले तारे सुटे दिसत नाहीत. दुर्बिणीत उतरतो तो अब्जावधी ताऱ्यांचा एकमेकांत मिसळलेला उजेड. त्यावरून तिथे कोणत्या वयाचे, किती जड तारे आहेत हे ताडण्याच्या पद्धतीला तारकासमुदाय-संश्लेषण म्हणतात.

हिशेब उलट्या टोकाने सुरू होतो. एकाच वेळी जन्मलेल्या ताऱ्यांचा एक समुदाय संगणकावर मांडतात आणि त्याला म्हातारा होऊ देतात. जड, निळे तारे काही दशलक्ष वर्षांत संपतात; सूर्यासारखे सुमारे १,००० कोटी वर्षे तगतात. साहजिकच समुदाय मंदावत, लालसर होत जातो. अशा निरनिराळ्या वयांच्या समुदायांची बेरीज खऱ्या वर्णपटाशी (रंगांनुसार पसरलेल्या उजेडाशी) जुळेपर्यंत प्रमाण बदलत राहायचे.

या विषयाचा पाया खगोलशास्त्रज्ञ बीट्रिस टिन्सली (१९४१–१९८१) यांनी घातला. त्या काळी महाकाय लंबवर्तुळी दीर्घिकांची तेजस्विता कायम धरून त्यांची अंतरे आणि त्यावरून विश्वाच्या प्रसरणाचे आडाखे बांधले जात. १९६८ च्या शोधनिबंधापासून टिन्सली दाखवत गेल्या, की दीर्घिकाही वयानुसार बदलतात. म्हणजे मोजपट्टीच आखडणारी होती. हे पचायला ज्येष्ठांना वेळ लागला.

खरी गोची रंगाची आहे. दीर्घिका लाल दिसते ती वयाने, धुळीने किंवा धातूंनी. (हेलियमपेक्षा जड ते सगळे खगोलशास्त्रात ‘धातू’, अगदी ऑक्सिजनसुद्धा!) खगोलशास्त्रज्ञ गाय वर्थी यांनी १९९४ मध्ये दाखवले, की वय तिप्पट करा किंवा धातू दुप्पट, रंग जवळजवळ सारखाच बदलतो. मग रंग सोडून हायड्रोजनच्या बामर रेषांकडे, म्हणजे हायड्रोजनमुळे वर्णपटात उमटणाऱ्या ठराविक रेषांकडे, वळावे लागते. काही कोटी ते शंभरेक कोटी वर्षे वयाच्या ताऱ्यांत त्या ठळक असतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये जाहीर केलेली ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका तारकासमुदाय-संश्लेषणानेच तोलली गेली. महास्फोटानंतर अवघ्या १५० कोटी वर्षांनी तिच्यात सुमारे १,००० कोटी सूर्यांइतके तारे होते. जेम्स वेब दुर्बिणीने वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्यांतून (फिल्टर) घेतलेल्या प्रतिमांवरून हा अंदाज निघाला.

मात्र असे वजन गृहीतकावर बेतलेले असते. जन्मणाऱ्या ताऱ्यांत जड किती, हलके किती, हे आधी ठरवावे लागते. खगोलशास्त्रज्ञ एडविन सालपीटर यांचे १९५५ चे प्रमाण घेतले, तर शाब्रिए या खगोलशास्त्रज्ञाच्या, आज रूढ असलेल्या प्रमाणापेक्षा तेवढ्याच उजेडाची दीर्घिका दीडपटीहून जड भरते. कारण सालपीटर यांच्या प्रमाणात खुजे तारे जास्त, आणि ते वजनात मोजले जातात पण उजेडात जवळजवळ दिसत नाहीत.